अस्सलबरहुकूम नक्कल

नाशिकच्या जुन्या पेठांतील वाडे एकामागून एक जमीनदोस्त होऊन त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहू लागल्यापासून, त्या वाड्यांच्या माळ्यांवर दोन-दोन पिढ्या धूळ खात पडलेल्या लाखेच्या तबकड्या भांड्याकुंड्यांबरोबर भंगारात निघतात आणि त्यांतल्या काही गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एखाद्या गोणपाटावर येऊन पडतात. या तबकड्यांवरचे बरेचसे गायन आज खरखर काढून, उजळून, नव्या वेष्टनात घालून कोणत्याही श्रोत्याला घरबसल्या जवळजवळ विनामूल्य मिळते. आणि तरीही कडेला टवका उडालेली, लेबल फाटलेली तबकडी उचलून, ती उन्हाकडे तिरपी धरून, पोलादी सुईने तिच्या चरांवर पाडलेला करडा पट्टा किती रुंद आहे हे निरखणारा आणि मग विक्रेत्याशी घासाघीस करणारा संग्राहक काही नाहीसा झालेला नाही. नव्या आवृत्तीवर त्याचा भरवसा नाही. हा अविश्वास कितपत साधार आहे आणि कितपत निव्वळ मालकीच्या अभिमानातून उपजलेला आहे, याची शहानिशा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाशी नाशिकचा संबंध केवळ बाजारापुरता नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधाराश्रम स्थापन केला, त्यांचे सुपुत्र दत्तात्रेय विष्णु ऊर्फ बापूराव यांचे बालपण याच परिसरात गेले, आणि इंद्रकुंडाजवळचे महापालिकेचे सभागृह आजही पलुस्करांच्याच नावाने ओळखले जाते. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या बरोबरीने गाऊन सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेले हे बापूराव पलुस्कर १९५५ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांचे गाणे म्हणजे आता काही लाखेच्या तबकड्या, काही दीर्घ मुद्रिका आणि आकाशवाणीसारख्या ठिकाणी जपली गेलेली मुद्रणे, एवढीच मर्यादित पुंजी होय. तिच्यात भर पडणे जवळपास असंभवनीय असल्यामुळे त्यांच्या नावाने निघणारे प्रत्येक नवे प्रकाशन हे त्याच पुंजीचे पुनःपुन्हा केलेले वाटप असते. ज्या कलावंताचा साराच वारसा काही तासांत ऐकून संपतो, त्याच्या वारशातील एका षड्जाची उंची बदलली, तरी तो बदल क्षुल्लक मानून चालत नाही.

संग्राहकाच्या पहिल्या आक्षेपाचे मूळ तबकडीच्या घडणीतच आहे. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली, तेव्हापासून १९२५ च्या सुमारास विद्युत्मुद्रण येईपर्यंत गवई कर्ण्यासमोर तोंड धरून गात असे, तबला व तंबोरा यांचा कसाबसा मागमूस लागे, आणि एका बाजूस सुमारे तीन-सव्वातीन मिनिटांत राग मांडून संपवावा लागे. पुढे 'अठ्ठ्याहत्तरची' म्हणून या तबकड्यांची ओळख रूढ झाली, तरी त्या सर्व मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या होत्या असे मुळीच नव्हे. विशेषतः विद्युत्पूर्व काळात ही गती सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत बदलत असे. ऐंशीच्या गतीने मुद्रित झालेली तीन मिनिटे वीस सेकंदांची तबकडी अठ्ठ्याहत्तरने वाजवली, तर ती पाच सेकंद जास्त चालते आणि सारे गाणे जवळजवळ पाव स्वराने खाली उतरते. उलट सहा टक्के जास्त वेगाने वाजवली, तर काळी चारचा गवई पांढरी सहावर जाऊन बसतो, त्याची तान अधिक वेगवान भासते आणि आवाज वयाने लहान व अंगाने बारीक होतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रचना अमुक स्वरात बांधलेली असल्याची लेखी नोंद असते, त्यामुळे तिथे हा घोटाळा पकडणे तुलनेने सोपे असते. आपल्याकडे प्रत्येक गायकाचा षड्ज त्याच्या गळ्याने ठरवलेला असल्याने असा लेखी दाखला कोठेच नसतो. साथीच्या पेटीची साक्ष काढता येते खरी. पण तीही कारखान्या-कारखान्यानुसार वेगळ्या उंचीला लावलेली असल्यामुळे सावधपणेच ग्राह्य धरावी लागते. तेव्हा योग्य गती ठरविणे हे त्या गायकाची इतर मुद्रणे, त्याची नैसर्गिक पट्टी आणि मुद्रणाचा काळ यांचा एकत्रित विचार करून करावयाचे विद्वत्तेचे काम आहे. नव्या आवृत्त्यांच्या वेष्टनावर मात्र तबकडी कोणत्या गतीने वाजविली याचा उल्लेख सहसा नसतो, आणि त्या आवृत्तीबरोबर तंबोरा जुळवून रियाज करणारा विद्यार्थी जी पट्टी गवयाची म्हणून मनात साठवतो, ती कदाचित एखाद्या यंत्राच्या बेफिकिरीची असते.

दुसरा आक्षेप शुद्धीकरणाचा. लाखेच्या तबकडीची खरखर ज्या उच्च कंपनसंख्यांच्या पट्ट्यात ऐकू येते, त्याच पट्ट्यात 'स' आणि 'श' यांची धार, तबल्याच्या चाटेचा टणत्कार, तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे वरचे स्वर आणि दोन ओळींच्या मध्ये गवयाने घेतलेला श्वास यांचीही वस्ती असते. एकाला हद्दपार करण्याचा हुकूम सुटला की उरलेल्यांवरही टाच येते. केंब्रिज येथे १९८८ साली स्थापन झालेल्या सीडार या संस्थेच्या पद्धतींनी या कामात मोठे कौशल्य आणले आणि जाणत्या हाती ती पद्धत उपकारकच ठरली. परंतु तेच काम संगणकावर एका कळीसरशी उरकता येऊ लागल्यावर संयमाची गरज कोणाला वाटेनाशी झाली. बालगंधर्वांच्या पदांत ओळीच्या अखेरीस स्वर सोडताना मागे रेंगाळणारी बारीक आस, किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९३४ ते १९३६ या काळात ओडियनसाठी गायिलेल्या तबकड्यांतील त्या टोकदार, भिजलेल्या सुराची कड, या दोन्ही गोष्टी खरखरीच्या अगदी शेजारी नांदतात. निःशब्द पार्श्वभूमीच्या हव्यासापायी त्या पुसल्या गेल्या, म्हणजे स्वर राहतो आणि त्याचा लगाव जातो.

तिसरा प्रकार भर घालण्याचा. एका वाहिनीवर मुद्रित झालेले गाणे कृत्रिमरीत्या दोन वाहिन्यांत विभागणे, त्यावर सभागृहाचा घुमारा चढविणे, खालच्या-वरच्या आवाजातील अंतर मिटवून सारे एकाच मोठ्या पातळीवर आणून ठेवणे, हे उपाय जगभर झाले. आपल्या चित्रपटसंगीतात तर मूळ गळ्याखाली नवा ठेका व नवी वाद्ये भरण्यापर्यंत मजल गेली. २००४ साली रंगीत होऊन आलेल्या 'मुघल-ए-आझम'चे संगीत नौशादांच्या देखरेखीखाली नव्याने मुद्रित करण्यात आले, आणि तो मामला निदान जाहीर होता. परंतु ख्यालगायनात, जिथे आवाजाचा लहानमोठेपणा हाच विस्ताराचा प्राण, तिथे सर्व पातळ्या सपाट करून टाकणे म्हणजे बढतीची पायरीच काढून घेणे होय.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो मूळ प्रतीविषयीचा आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपुष्टात येतो. म्हणजे बापूरावांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या सर्व तबकड्या २०१६ च्या आरंभापर्यंत मुक्त झाल्या. ही मुक्तता स्वागतार्ह असली, तरी तिचा परिणाम असा की ज्याच्याजवळ एकही तबकडी नाही तोही प्रकाशक होऊ शकतो: कोणाच्या तरी ध्वनिफितीवरून कोणी सीडी केलेली असते, त्या सीडीवरून कोणी संचिका बनविलेली असते, तिसरा तीच संचिका आणखी 'स्वच्छ' करून आपल्या नावाने बाजारात आणतो, आणि या नकलेच्या नकलेला वंशावळच उरत नाही. लेबल पुराच्या पाण्याने धुऊन गेले, तरी लाखेत ठसविलेल्या साच्याच्या क्रमांकावरून तबकडीची ओळख पटविता येते. या निनावी संचिकांना तेवढीही खूण नसते.

हा संशय आपल्याच मुलखापुरता आहे असे नाही. जॅझ संगीतात अभिजात मानल्या गेलेल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या मुद्रिकेची पहिली बाजू, मुद्रणयंत्र किंचित मंद चालल्यामुळे, वाजविताना मूळ स्वरापेक्षा चढी ऐकू येत असे. ही चूक १९९२ च्या पुनर्प्रकाशनात प्रथम दुरुस्त झाली, तोवर तीस वर्षांहून अधिक काळ जगाने ती चढी पट्टीच प्रमाण मानली होती. म्हणजे येथे आद्य आवृत्ती चुकीची आणि नवी आवृत्ती बरोबर होती. दुसरी हकिकत याहून बोधप्रद आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी आपल्या महागड्या मुद्रिका मूळ फितीवरून थेट काढलेल्या म्हणून संग्राहकांत प्रतिष्ठा पावली होती. २०२२ साली असे उघड झाले की कित्येक वर्षे तिच्या अनेक मुद्रिकांत मध्ये अंकीय टप्पा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि अडीच कोटी डॉलरांच्या तडजोडीवर मिटले. आपल्या कानांचा अभिमान मिरविणाऱ्या बहुतेक संग्राहकांना इतकी वर्षे तो टप्पा ऐकू आला नव्हता, उलट याच मुद्रिकांची त्यांनी वाखाणणी केली होती. तेव्हा त्यांचा राग ध्वनीच्या उणिवेवर नव्हता, लपवाछपवीवर होता. आणि तो रास्तच होता.

या हकिकतीत संग्राहकांनाही उत्तर मिळते. 'मूळ तबकडी तेच सत्य' हे त्यांचे सूत्र निर्दोष नाही. पोलादी सुई प्रत्येक बाजूस बदलावी अशी कंपन्यांची सूचना असे, आणि घरोघर तीच सुई आठवडाभर चाले. परिणामी जी तबकडी लोकांना सर्वाधिक प्रिय तीच सर्वाधिक झिजलेली सापडते. कर्ण्याच्या ग्रामोफोनवर ऐकू येणारा आवाजही त्या कर्ण्याने रंगविलेलाच असतो. जुन्या चरांना सूक्ष्म चरांच्या दीर्घ मुद्रिकेहून जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. ती न वापरता तबकडी वाजवून तिला अस्सल म्हणणाऱ्याने नव्या प्रकाशकाला नावे ठेवू नयेत. शिवाय दुर्मीळ तबकडी कुलुपात ठेवून तिच्या दुर्मीळतेचा आनंद भोगणारा मालक तिच्या नाशाच्या शक्यतेत भरच घालतो. याच्या उलट, १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने, तसेच मायकेल किनियर यांनी सिद्ध केलेल्या तबकड्यांच्या सूचींनी, संग्रहाला संशोधनाची शिस्त लावली; अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांविषयी आज जे निश्चितपणे सांगता येते त्यात किनियर यांच्या श्रमांचा वाटा मोठा आहे.

मग नव्या आवृत्तीने काय करावे? महाराष्ट्राला याचे उत्तर परक्याकडून शिकण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने दाखवून दिले की जुनी संहिता सिद्ध करणे म्हणजे ती सुशोभित करणे नव्हे. उपलब्ध प्रती गोळा करणे, त्यांची वंशावळ लावणे, स्वीकारलेला पाठ वर छापून नाकारलेले पाठ तळटीपेत नोंदविणे, आणि वाचकाला संपादकाशी मतभेद करता येईल इतका तपशील त्याच्या हाती देणे, हे तिचे स्वरूप. ध्वनिमुद्रिकेच्या संपादकाकडून याहून फार कमी अपेक्षा आहे: कोणत्या तबकडीवरून, कोणत्या क्रमांकाच्या साच्यावरून, कोणत्या गतीने व कोणत्या जाडीच्या सुईने ध्वनी घेतला, काय काढले, काय तसेच ठेवले, आणि हे कोणी केले. जी. एन. जोशी हे एचएमव्हीचे ध्वनिमुद्रण-अधिकारी स्वतः गायक होते आणि आपल्या कामाची साद्यंत कैफियत त्यांनी आठवणींच्या रूपाने लिहून ठेवली. त्यांच्या पिढीने घडविलेल्या मुद्रणांवर आज संस्कार करणारा हात मात्र बहुधा निनावी राहतो. आरंभीच्या तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव पुकारत असे, ते हानोवरच्या कारखान्यातील कामगारांना तबकडी ओळखता यावी म्हणून. आजच्या संस्कारकर्त्यानेही आपले नाव सांगावयास हरकत नसावी.

माझा निष्कर्ष असा की संग्राहकांचा संशय ध्वनीच्या बाबतीत अर्धा खरा आणि दप्तराच्या बाबतीत पूर्ण खरा आहे. खरखर काढणे हा अपराध नव्हे. काय काढले ते न सांगणे हा अपराध आहे. प्रकाशकांनी प्रत्येक संस्कारित आवृत्तीबरोबर असंस्कारित ध्वनीही द्यावा, म्हणजे श्रोत्याला स्वतःच रुजुवात करता येईल. आणि नाशिकच्या संग्राहकांना विनंती अशी की आपल्याजवळच्या तबकड्यांची सूची करावी, योग्य गतीने व योग्य सुईने त्यांची एक कच्ची, हात न लावलेली नक्कल काढून घ्यावी, आणि ती सार्वजनिक वाचनालयासारख्या एखाद्या जबाबदार संस्थेच्या स्वाधीन करावी. तबकडी खुशाल आपल्या कपाटात ठेवा. तिच्यावरचे गाणे मात्र एकाच घरात अडकून राहता कामा नये.