गंधर्व नाटक मंडळीचा उतरता काळ : कारणांची फेरमांडणी

प्रस्तावना

गंधर्व नाटक मंडळीला लाभलेली लोकप्रियता मराठी संगीत रंगभूमीवर फार थोड्या संस्थांच्या वाट्याला आली. तिच्या ऱ्हासाविषयी व्यक्त झालेली हळहळही तितकीच मोठी आहे. ५ जुलै १९१३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळीने 'स्वयंवर', 'संशयकल्लोळ', 'एकच प्याला' यांसारखी नाटके गाजवली. पुढे मात्र ती कर्जाच्या चक्रात सापडली आणि १९३५ च्या सुमारास तिचा मूळचा संसार आवरला गेला. त्यानंतरचा प्रवास हा मंडळीचा प्रवास नव्हता. तो एका थोर कलावंताचा एकाकी प्रवास होता.

या ऱ्हासाची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात. बोलपटाच्या आगमनाने नाटकाचा प्रेक्षक पळवला, हे पहिले. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व हे कलावंत म्हणून अलौकिक, परंतु व्यवहारात भोळे व उधळे होते, हे दुसरे. दोन्ही कारणांत तथ्य आहे. तथापि, पहिल्या कारणात सर्व दोष काळाच्या माथी मारला जातो, तर दुसऱ्यात एका व्यक्तीच्या स्वभावावर. मंडळी ही एक संस्था होती. तिची रचना, तिच्यातील माणसांचे परस्परसंबंध आणि तिच्या प्रेक्षकांची अपेक्षा यांचा विचार या दोन्ही स्पष्टीकरणांत होत नाही. प्रस्तुत लेखात हा विचार केंद्रस्थानी ठेवून ऱ्हासाच्या कारणांची फेरमांडणी केली आहे.

हा विषय सांगली जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याचा आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले ते सांगलीत. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. पलूस तालुक्यातील नागठाणे या गावाशी बालगंधर्वांचे नाव जोडलेले आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीत १९०५ मध्ये प्रवेश केल्यानंतर शकुंतलेच्या भूमिकेत ते प्रथम उभे राहिले ते मिरजेच्या रंगमंचावर.

तीन भागीदार, तीन सामर्थ्ये

किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नवी संस्था उभारणारे भागीदार तीन होते : बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. या तिघांची सामर्थ्ये परस्परपूरक होती. बालगंधर्वांकडे गळा, लालित्य आणि स्त्रीभूमिकेतील अपूर्व सिद्धी होती. बोडस हे प्रामुख्याने गद्य अभिनयाचे नट होते. 'संशयकल्लोळ'मधील फाल्गुनराव आणि 'एकच प्याला'मधील सुधाकर या त्यांच्या भूमिका संगीत नाटकातही अभिनयाचा पाया भक्कम असावा लागतो याची साक्ष देतात. टेंबे हे हार्मोनियमवादक, संगीतकार आणि नट होते. १९११ च्या 'मानापमान'ला त्यांनी दिलेल्या चालींनी नाट्यसंगीताला नवे वळण लावले होते.

अशा रचनेत प्रत्येक भागीदार दुसऱ्याला मर्यादा घालतो. गायन लांबले तर नट अस्वस्थ होतो आणि नाट्य कोरडे पडले तर संगीतकार हस्तक्षेप करतो. हा अंतर्गत ताण संस्थेच्या प्रकृतीला आवश्यक असतो. टेंबे १९१५ च्या सुमारास मंडळी सोडून गेले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोडसही वेगळे झाले. भागीदारी गेली आणि मालकी उरली. भास्करबुवा बखले, मास्टर कृष्णराव, विनायकबुवा पटवर्धन, तबलानवाज अहमदजान थिरकवा, सारंगीवादक कादरबक्ष अशी मोठी माणसे मंडळीत आली वा राहिली. गुणवत्तेची उणीव त्यामुळे कधीच भासली नाही. पण ही माणसे शिक्षक, साथीदार किंवा वेतनदार नट होती. मालकाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणाकडेही नव्हता.

कलावंतांच्या संघाचे विघटन अन्यत्रही घडले आहे. बीटल्स या इंग्लंडमधील जगप्रसिद्ध रॉक बँडचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन १९६७ मध्ये निवर्तले. त्यानंतर व्यवहारावरून मतभेद वाढत गेले आणि १९७० मध्ये संघ फुटला. तथापि दोन्ही उदाहरणांतील भेद महत्त्वाचा आहे. बीटल्सच्या बाबतीत संघ संपला आणि त्यातील चौघे स्वतंत्रपणे गात राहिले. गंधर्व मंडळीत मूळचे भागीदार गेले, तरी नाव चालू राहिले. नाव चालू असल्यामुळे आत काय उणे झाले आहे हे प्रेक्षकांच्या, आणि कदाचित मालकाच्याही, लक्षात येण्यास बराच काळ लागला.

वैभव, खर्च आणि कर्ज

मंडळीच्या खर्चाविषयी विपुल आख्यायिका आहेत. उंची शालू, खरे दागिने, अत्तरे, पंगती यांची वर्णने चवीने सांगितली जातात. त्यांतून काढला जाणारा 'उधळपट्टी' हा निष्कर्ष मात्र तपासून घेतला पाहिजे. नाटक मंडळी हे त्या काळी एक फिरते बिऱ्हाड असे. नट, वादक, पडदेवाले, आचारी अशा सर्वांचा योगक्षेम मालकाला पाहावा लागे. मुक्काम हलला की रेल्वेने सारे सामान हलवावे लागे. प्रयोग होवो न होवो, हा खर्च चालूच राही. वैभव हा प्रेक्षकाला ओढणारा घटक होता, हेही नाकारता येत नाही.

तरीही वैभव अपरिहार्य होते काय, या प्रश्नाचे उत्तर मंडळीच्याच दोन नाटकांत मिळते. राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर अवघ्या महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, 'एकच प्याला' बडोद्यास रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू दारिद्र्याने गांजलेली आहे. शालू-शेल्यांनी ओळखला जाणारा नट येथे फाटक्या लुगड्यात वावरला आणि मराठी प्रेक्षक त्याच्यासाठी रडला. डिसेंबर १९२० मध्ये खाडिलकरांचे 'द्रौपदी' आले ते मात्र डोळे दिपवणाऱ्या थाटात. त्या थाटाच्या मानाने उत्पन्न झाले नाही आणि पाठोपाठ मंडळीवरील कर्जाचा आकडा लाखाच्या पुढे गेल्याचे दिसते. सिंधूच्या यशाने मंडळीला काटकसरीचा मार्ग दाखवून दिला होता. 'द्रौपदी'च्या वेळी तो टाळला गेला. तिघांपैकी दोघे भागीदार निघून गेल्याचा परिणाम येथे प्रत्यक्ष दिसतो.

पुढील वर्षांत हे कर्ज मुख्यतः प्रयोगांच्या उत्पन्नातून फेडण्यात आले, ही गोष्ट बालगंधर्वांवरील व्यवहारशून्यतेचा आरोप पुष्कळसा सौम्य करते. पण या परतफेडीची किंमत कलेने मोजली. कर्जदार मंडळीला हमखास उत्पन्न हवे असते आणि हमखास उत्पन्न जुन्या नाटकांतून व जुन्या पदांतून मिळते.

नाटककारांची उणीव आणि 'वन्समोअर'चे अर्थकारण

देवल जून १९१६ मध्ये निवर्तले, गडकरी जानेवारी १९१९ मध्ये. 'स्वयंवर'च्या चालींचे शिल्पकार भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. खाडिलकरांनी १९२३ मध्ये 'नवाकाळ' सुरू केला आणि त्यांचे लक्ष पत्रकारितेकडे अधिक वळले. ज्या लेखणींवर मंडळी उभी होती, त्या सात-आठ वर्षांत एकतर थांबल्या किंवा दुसरीकडे गुंतल्या. नवी नाटके आली नाहीत असे नाही. १९३१ चे 'कान्होपात्रा' चांगलेच लोकप्रिय झाले. परंतु त्याचे यश प्रामुख्याने भक्तिपदांच्या गायनाचे यश होते. नाट्यवस्तू गायनासाठी निमित्त होऊ लागली होती.

या प्रक्रियेत प्रेक्षकाचा वाटा मोठा आहे. एकेका पदाला मिळणाऱ्या 'वन्समोअर'मुळे प्रयोग रात्रभर चालत, याचे कौतुक आजही केले जाते. पण वन्समोअर ही केवळ दाद नसते. नाटककाराने योजलेली गती थांबवून गायकाला पुन्हा त्याच जागी उभे करणारी ती मागणी असते. ती वर्षानुवर्षे पुरवली गेली की लेखकाला कथानकापेक्षा पदांच्या जागा शोधाव्या लागतात, सहनटाला स्तब्ध उभे राहण्याची सवय होते आणि नव्या लेखकाला आपली येथे गरज नाही असे वाटू लागते. प्रेक्षकांचे प्रेम खरे होते. मात्र त्या प्रेमाने कलावंताला त्याच्या तारुण्यातील भामिनी-रुक्मिणीपाशी अडवून धरले. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. 'कान्होपात्रा'च्या वेळी ते त्रेचाळिशीत होते आणि नाव घेण्याजोगा वारस मंडळीने घडवलेला नव्हता. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याचा संकेतच त्या सुमारास डळमळीत झाला होता. हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढून रंगभूमीवर पाऊल ठेवले होते आणि १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या.

दोन समकालीन संस्थांशी तुलना

केशवराव भोसले यांची ललितकलादर्श ही गंधर्व मंडळीची तुल्यबळ स्पर्धक होती. टिळक स्वराज्य फंडासाठी जुलै १९२१ मध्ये झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगात केशवराव व बालगंधर्व एकत्र उभे राहिले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव अकाली निधन पावले. ज्या संस्थेचा मुख्य गळाच गेला ती संस्था बुडायला हवी होती. परंतु बापूराव पेंढारकरांनी सूत्रे हाती घेतली, मामा वरेरकरांसारख्या लेखकाला वाव दिला आणि 'सत्तेचे गुलाम' (१९२२) सारखी समकालीन प्रश्नांना भिडणारी नाटके आणली. नेपथ्यातही नवे प्रयोग केले. पुढे भालचंद्र पेंढारकरांनी या संस्थेचे पुनरुज्जीवन केले.

दुसरे उदाहरण १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बलवंत संगीत मंडळीचे. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्या या संस्थेने बोलपटाचे आव्हान ओळखले आणि सांगलीत बलवंत पिक्चर्सची उभारणी केली. 'कृष्णार्जुन युद्ध' (१९३४) हा त्यातूनच निर्माण झाला. परंतु हा उद्योग आर्थिकदृष्ट्या साधला नाही आणि दीनानाथांच्या वैभवालाही ओहोटी लागली.

या तुलनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बोलपटाचा फटका सर्वांनाच बसला; तेव्हा केवळ बालगंधर्वांच्या स्वभावाला दोष देणे अन्याय्य ठरते. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. ललितकलादर्शने आपला आवाज गमावूनही नवा लेखक शोधला, तर गंधर्व मंडळीचा आवाज कायम असूनही ती नव्या आशयाला पारखी झाली. संस्था तगणे हे तिच्यातील सर्वश्रेष्ठ व्यक्तीवर अवलंबून नसते. त्या व्यक्तीवाचून काय उरते, यावर ते ठरते.

बोलपट : कारण की निमित्त?

'आलम आरा' मार्च १९३१ मध्ये आणि मराठी 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. याच सुमारास मंडळीतील गुणी माणसांना नवी क्षेत्रे खुणावू लागली. मिरजेचे विनायकबुवा पटवर्धन मंडळीतून बाहेर पडले आणि १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मास्टर कृष्णराव प्रभात फिल्म कंपनीकडे गेले. अखेर स्वतः बालगंधर्वही प्रभातकडे वळले आणि व्ही. शांताराम दिग्दर्शित 'धर्मात्मा' (१९३५) मध्ये त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. प्रेक्षकांनी देवघरात बसवलेली रुक्मिणी पडद्यावर पुरुषवेषात आली. ही भागीदारी एका चित्रपटापलीकडे गेली नाही.

ज्या कलावंताचे गाणे समोरच्या प्रेक्षकाच्या प्रतिसादावर फुलत असे, त्याला तुकड्यातुकड्यांनी होणारे चित्रण परके वाटणे स्वाभाविक होते. बालगंधर्व पुन्हा रंगभूमीवर परतले. १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. परंतु १९१३ ची रचना आता परत येणार नव्हती. १९६४ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरवलेला हा कलावंत १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात निवर्तला. त्याच्या अखेरच्या वर्षांतील आर्थिक व शारीरिक हलाखी सर्वश्रुत आहे.

निष्कर्ष

१. गंधर्व नाटक मंडळीच्या ऱ्हासाची सुरुवात बोलपटाच्या आगमनाने झाली नाही. मूळ भागीदारी मोडून मंडळी एकखांबी झाली तेव्हाच ती झाली होती.

२. कर्ज हे ऱ्हासाचे मूळ नसून लक्षण होते. ते फेडले गेले. पण त्यासाठी मंडळीला जुन्या यशाच्या पुनरावृत्तीवर विसंबावे लागले.

३. नाटककार, संगीतकार व वारसदार नट यांची नवी पिढी घडवण्यात मंडळी अपयशी ठरली. या अपयशात जुन्याचाच आग्रह धरणाऱ्या रसिकांचाही वाटा आहे.

४. 'भोळा, उधळा कलावंत' ही प्रतिमा सहानुभूतीची वाटली तरी ती संस्थेच्या व समाजाच्या जबाबदारीवर पांघरूण घालते.

हा विचार केवळ भूतकाळापुरता नाही. कवठे महांकाळ परिसरातील भजनी मंडळांपासून कवलापूरच्या काळू-बाळू यांच्यासारख्या तमाशा फडांपर्यंत, सांगली जिल्ह्यातील लोकरंजनाची परंपरा एखाद्या घराण्याच्या, जोडीच्या किंवा एका आवाजाच्या आधाराने उभी राहिलेली आहे. त्या आवाजावर प्रेम करणे सोपे असते. तो आवाज असतानाच त्याच्या शेजारी दुसरा आवाज, नवी संहिता आणि हिशेबाची वही उभी करणे अवघड असते. १९१३ मध्ये तीन मित्रांनी ते काही काळ साधले होते. मंडळीच्या पुढील इतिहासाचे मूल्यमापन करताना हा आरंभबिंदू विसरता येत नाही.