खेळातील कर्ता आणि क्रियापद : वृद्ध व अपंग पात्रांविषयी एक टिपण

व्हिडिओ गेममधील पात्रांचा विचार करताना समीक्षक बहुधा कादंबरीचेच निकष लावतात : पात्र सहानुभूतीने रेखाटले आहे की तिरस्काराने, इत्यादी. हे निकष त्याज्य नसले तरी अपुरे आहेत. कादंबरीतील पात्राविषयी आपण वाचतो. खेळातील पात्राच्या जागी राहून आपण कृती करतो. म्हणून तेथे पात्राचा अर्थ त्याच्या वर्णनापेक्षा त्याला दिलेल्या क्रियापदांत अधिक असतो. वार्धक्य व अपंगत्व ही खेळात केवळ विशेषणे म्हणून येतात, की क्रियापदालाही वळण लावतात, हा खरा प्रश्न होय.

जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस' (२०१९) हा खेळ या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यातील नायकाचा डावा हात आरंभीच तुटतो. परंतु त्या जागी बसवलेल्या कृत्रिम हातातून कुऱ्हाड निघते, ज्वाळा निघतात, छपरावर झेप घेण्यासाठी दोराची आकडी निघते. हात गेल्याने एकही क्रिया उणी होत नाही, उलट चार अधिक होतात. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर अपंगत्व ही कर्त्याची अवस्था न राहता ते करण बनते. हा हात देणारा वृद्ध मूर्तिकारही एकहातीच आहे. पडक्या देवळात तो बुद्धमूर्ती कोरत बसलेला असतो आणि पुढे द्वेषाने ग्रस्त होऊन राक्षसरूपात शत्रू म्हणून उभा ठाकतो. या खेळातील ती सर्वांत करुणगंभीर व्यक्तिरेखा होय. तथापि खेळणाऱ्याला तिच्या जागी क्षणभरही उभे राहता येत नाही. तरुण एकहाती पुरुष कर्ता होतो. वृद्ध एकहाती पुरुष आधी साहाय्यक, मग शत्रू.

मराठीत 'आंधळा', 'लंगडा', 'थोटा' ही विशेषणे आपण नामासारखी वापरतो व माणूस विशेषणात विरून जातो. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला, तरी केवळ शब्द बदलल्याने वाक्यातील स्थान बदलत नाही.

हे स्थान बदलण्याचा एक प्रयत्न बेल्जियममधील टेल ऑफ टेल्स यांच्या 'द ग्रेव्हयार्ड' (२००८) या छोट्या खेळात दिसतो. एक वृद्धा दफनभूमीतून मंद पावलांनी जाते, बाकावर बसते, एक गीत ऐकू येते, ती परतते. विकत घेतलेल्या आवृत्तीत एकच भर असते : तिला मृत्यू येऊ शकतो. खेळणाऱ्याची अधीर बोटे तिला धावायला लावू शकत नाहीत. वार्धक्य येथे क्रियापदातच उतरले आहे. पण चालणे, बसणे आणि मरणे एवढ्यातच वार्धक्य संपते काय? हा आक्षेप घ्यावाच लागेल.

कॅनडातील फॉलिंग स्क्विरल यांचा 'द व्हेल : शॅडो ऑफ द क्राउन' (२०२१) याहून पुढे जातो. त्याची नायिका जन्मांध राजकन्या आहे व खेळात दृश्य जवळजवळ नाहीच. शत्रूची दिशा कानांनी ओळखावी लागते. येथे 'ऐकणे' हे उणीव भरून काढणारे साधन नसून खेळाचे मुख्य क्रियापद आहे. अंध व डोळस खेळाडू त्यामुळे एकाच पातळीवर येतात.

अशा पात्रांची संख्या मोजून न्याय झाला असे मानणे म्हणूनच अपुरे ठरते. आपल्या देहाला साजेशी क्रिया करण्याचा अधिकार त्या पात्राला मिळाला की नाही, ही कसोटी लावल्यावाचून या माध्यमाची समीक्षा पूर्ण होणार नाही.