बिघाडाचें संगीत आणि स्पर्धेचा न्याय

संगीतांत स्पर्धा असावी कीं नसावी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. आणि गांवोगांवच्या भजनस्पर्धांनीं तो व्यवहारापुरता केव्हांच मिटवून टाकला आहे. कांहीं गुण आवाजाला, कांहीं तालाला, कांहीं शब्दोच्चाराला, अशी वांटणी करून परीक्षक निकाल देतात आणि हरलेलें मंडळ पुढच्या वर्षीं पुन्हां उभें राहतें. परंतु ज्या स्पर्धेंत एका स्पर्धकाचें वाद्य दुसऱ्याच्या वाद्यासारखें मुळींच नाहीं, तेथें हे गुण कशाला द्यावयाचे? बॅटरीवर वाजणारीं खेळणीं, जुने कॅशिओ, टाकून दिलेलीं ध्वनियंत्रें उघडून, त्यांच्या पोटांतील जोडण्या मुद्दाम बदलून अपरिचित नाद काढण्याची जी कला 'सर्किट बेंडिंग' ह्या नांवानें जगभर पसरली आहे, तिनें हा प्रश्न उभा केला आहे.

हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापुरासारख्या गांवीं अशा वाद्यांची सार्वजनिक स्पर्धा भरवावी, असें कोणी सुचविलें तर दोन तऱ्हेचीं उत्तरें हमखास मिळतील. संगीताचा अभिमानी म्हणेल, हा गोंगाट आहे. नव्याचा भोक्ता म्हणेल, येथें नियम कसले? जें वाजेल तें खरें. आमच्या मतें दोघांचीही गफलत एकच आहे. दोघेही वाद्याकडे पाहतात. वाजविणाऱ्याच्या कानाकडे कोणीच पाहत नाहीं.

ह्या कलेचा उगम एका अपघातांत आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील रीड गझाला ह्यांच्या मेजाच्या खणांत १९६६ च्या सुमारास एक लहानसा ध्वनिवर्धक उघडा पडला होता. खणांतील धातूच्या वस्तूशीं त्याचा स्पर्श झाला आणि तो विलक्षण स्वर काढूं लागला. 'सर्किट बेंडिंग' हें नांवही पुढें १९९२ सालीं त्यांनींच दिलें. कृति सोपी आहे. खेळण्याची पाठ उघडावयाची, तें चालू असतां एका तारेनें सर्किटावरचे दोन दोन बिंदु जोडून पाहावयाचे, आणि मनाजोगा नाद सांपडला कीं तेथें तार सोल्डरनें पक्की करून मध्यें एक बटण बसवावयाचें. सर्किटाची गति ठरविणारा रेझिस्टर बदलला तर सगळे सूर खालीं-वर होतात. धातूचे दोन ठिपके बाहेर काढून ठेवले, तर वाजविणाऱ्याच्या बोटांचा ओलावाच विजेची वाट होतो, आणि दाब कमीजास्त होतांच नाद हलूं लागतो. हें सर्व बॅटरीच्या यंत्रापुरतेंच. घरच्या विजेवर चालणारें यंत्र उघडून असा उद्योग करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

बिघाडांतून नाद शोधण्याची ही दृष्टि आपल्याला परकी वाटण्याचें कारण नाहीं. गिटारची तार पडद्यावर घासून झणझणली तर तो दोष समजतात. तंबोऱ्याच्या घोडीवर मात्र तारेचें तेंच घासणें कारागीर घोडी तासून तासून मुद्दाम घडवितो, आणि गायक तारेखालीं सुताचा धागा सरकवून तें जुळवितो. त्यालाच आपण जवारी म्हणतों आणि त्यावांचून तंबोरा मुका समजतों. एकोणिसाव्या शतकांत मिरजेस तंतुवाद्यांचा हा धंदा ज्या फरीदसाहेबांनीं सुरू केला, ते शस्त्रें घासणाऱ्या शिकलगारांपैकीं होते. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें ह्याच परंपरेला. तेव्हां दोषाचा गुण केव्हां होतो? कानानें तो निवडला आणि हातानें तो पुन्हां बोलावतां आला, म्हणजे. ह्या दोन्ही अटी पाळल्या नाहींत तर अपघात हा अपघातच राहतो, मग तो कितीही चमत्कारिक वाजो.

न्याय कसा करावा आणि कसा करूं नये, हें पेटीच्या इतिहासावरून समजतें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी क्लेमेंट्स ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बावीस श्रुतींची पेटी करविली. परक्या वाद्याचें पोट उघडून त्यांत आपले सूर बसविण्याचाच तो उद्योग होता. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत ती पेटी पुढें आली, पण जाणकारांच्या पसंतीस उतरली नाहीं. तिचा दोष त्यांनीं ऐकून ठरविला. निकाल कोणास पटो वा न पटो, रीत न्यायाची होती. उलट नभोवाणीनें १९४० च्या मार्चपासून आपल्या केंद्रांवर पेटीलाच बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाला आणि कालच्या नवशिक्याला तिनें एकच दार लावून घेतलें. येथें वाद्याला शिक्षा झाली. वादकाला कोणी ऐकलेंच नाहीं.

लोकांनीं मात्र अशा बंद्यांची वाट पाहिली नाहीं. मिरवणुकींत ज्याला आपण बेंजो म्हणतों, तें मुळांत जपानांत नागोया येथें मोरिता गोरो ह्यांनीं १९१२ सालीं बनविलेलें ताईशोगोतो होय. त्याच्या तारांना पिकअप जोडून, तो नाद कर्ण्यांतून रस्ताभर घुमविण्याचें काम आपल्या वादकांनीं केलें. घरांत बसून वाजवावयाचें नाजूक वाद्य त्यांनीं चौकांत आणलें, आणि त्यासाठीं कोणा शास्त्रकाराची परवानगी मागितली नाहीं.

परंतु नवें यंत्र हातीं आलें एवढ्यानेंच संगीत होत नाहीं, हें दाखविण्यास एक ध्वनिमुद्रिका पुरेशी आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग ह्यांनीं १९८२ सालीं डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून तबकडी काढली. ती फारशी खपली नाहीं. पुढें २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली, तेव्हां पाश्चात्य रसिकांनीं तिला डोक्यावर घेतलें. त्यांनीं वापरलेलें रोलंड कंपनीचें एक यंत्र खर्जाची साथ पुरविण्यासाठीं बनविलेलें होतें. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची सोय ह्या वादकानें मींडेच्या कामीं लावली, आणि तेवढ्या जागा खरोखर रागाच्या झाल्या आहेत. पण ठेका एकदां सुरू झाला कीं तो एकाच चालीनें धांवतो. रागाला विसांवा घेण्यास जागा मिळत नाहीं. जेथें वादकानें यंत्र वांकविलें तेथें संगीत झालें. जेथें यंत्रानें वादकाला ओढून नेलें तेथें नुसती नवलाई उरली. यंत्र बिघडविलेलें असो वा धड असो, ही कसोटी बदलत नाहीं.

तेव्हां शिरड शहापुरास स्पर्धा भरली तर तिचे नियम ह्या कसोटीवरून निघावे. पहिला नियम असा कीं, वादक पडद्याआड बसावा आणि परीक्षकांनीं आधीं केवळ ऐकावें. वाद्य पाहावयाचें तें गुण देऊन झाल्यावर. खोक्यावर किती बटणें आणि किती दिवे आहेत, ह्यावर मोहित होण्याचा धोका त्यानें टळेल. दुसरा असा कीं, प्रत्येकानें आपला निवडक नाद दोनदां काढून दाखवावा. त्यावर कोणी म्हणेल, ह्या वाद्यांचें वैशिष्ट्यच लहरीपणा. त्यांना पुनरुक्तीची सक्ती कां? आमचें उत्तर असें कीं, यमनही दोन दिवस सारखा गाइला जात नाहीं, तरी तो यमन म्हणून ओळखतां येतो. एवढी ओळख दुसऱ्या खेपेस पटली म्हणजे झालें. तिसरा नियम यंत्राच्या स्वभावाला धरून असावा. असें सर्किट मध्येंच गोठतें आणि बंद करून पुन्हां सुरू करावें लागतें; बॅटरी उतरली कीं सूरही उतरतो. म्हणून सर्वांस नव्या बॅटऱ्या आयोजकांनीं द्याव्या आणि एकदां थांबून सुरू करण्याबद्दल गुण कापूं नयेत. तंबोरा जुळविणाऱ्या गवयाचे गुण आपण कापतों काय?

चवथा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेवटच्या फेरींत वादकानें गांवच्या भजनी मंडळाला साथ करावी. गाणारा आपली पट्टी वाद्यासाठीं बदलणार नाहीं. वाद्यानेंच त्याच्यापर्यंत पोंचावें, किंवा पोंचतां येत नसेल तेथें गप्प बसावें. गप्प केव्हां बसावें हें ज्याला कळलें, त्याला संगीत कळलें असें समजण्यास हरकत नाहीं. परीक्षकांतही एक भजन गाणारा असावा आणि एक रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा. पहिला सुराची चोरी ओळखील. दुसरा विकत आणलेल्या तयार आवाजावर आपल्या कष्टाचा शिक्का मारणारा ओळखील.

एवढा खटाटोप ह्याच गांवीं कां, असें कोणी विचारील. मल्लिनाथाच्या जैन क्षेत्रामुळें शिरड शहापुरास यात्रेकरू येतात; तालुक्याचें औंढा नागनाथ ज्योतिर्लिंगासाठीं प्रसिद्ध आहे आणि नामदेवांचें नरसी ह्याच जिल्ह्यांत आहे. औंढ्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. देवळापुढें कीर्तनास मज्जाव झाला, नामदेव मागच्या बाजूस गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, असें सांगतात. कथेचा ऐतिहासिक खरेपणा बाजूस ठेवला तरी तिच्यांतील न्याय स्पष्ट आहे: कीर्तन कोणत्या जागीं उभें राहून केलें ह्यावरून त्याची किंमत ठरली नाहीं, तें कसें झालें ह्यावरून ठरली. ज्या मुलखाला ही कथा पाठ आहे, त्यानें आठवडी बाजारांतलें खेळणें हातीं घेऊन आलेल्या मुलाला दारांतून परत पाठवूं नये, आणि नुसतें नवें आहे म्हणून त्याला बक्षीसही देऊं नये. त्याला आंत घ्यावें, शांतपणें ऐकावें, आणि मग सांगावें, 'छान. आतां तोच सूर पुन्हां काढ.'