हार्लेमचा मुलगा आणि त्याचे वडील

हॉलंडमधल्या एका मुलाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली किंवा ऐकलेली असते. समुद्राला अडवणाऱ्या बांधाला बारीकसे भोक पडलेले त्याला दिसते. तो त्यात बोट घालतो, रात्रभर थंडीत तसाच बसून राहतो आणि गाव वाचते. गोष्ट धैर्याची म्हणून सांगितली जाते. पण ऐकणाऱ्याच्या मनात ती नकळत थोडे विज्ञानही पेरते. बांध म्हणजे भिंत, समुद्र म्हणजे शत्रू, आणि भिंत शाबूत राहिली म्हणजे काम झाले, हे ते विज्ञान. समुद्राची पातळी वाढत असताना ते एकदा तपासून पाहायला हवे.

ही गोष्ट जगभर पोहोचली ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालच्या ‘हान्स ब्रिंकर’ या पुस्तकामुळे. पुस्तक लिहिताना लेखिकेने हॉलंड पाहिलेले नव्हते. मुलाचा पुतळा स्पार्नडाम गावी १९५० साली उभा राहिला, तोही मुख्यतः पर्यटकांसाठी. गोष्ट परकी आहे एवढ्यावरून ती चुकीची ठरत नाही. तिच्यातल्या उणिवा वेगळ्या आहेत.

पहिली उणीव बांध कसा फुटतो याविषयीची. समुद्रबांध मातीचा असतो आणि त्याचा पाया कित्येक मीटर रुंद असतो. त्यातून पाणी झिरपू लागले की पाण्याबरोबर मातीचे कण निघून येतात आणि आत बोगदा तयार होत जातो. बाहेर पडणाऱ्या धारेत बोट घातले तर पाणी शेजारून वाट काढते. म्हणून बांधावर पहारा देणारी अनुभवी माणसे भोक बुजवत नाहीत. ती त्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचतात. कड्यात पाणी साठते, आतबाहेरच्या पातळीतला फरक कमी होतो, धारेचा जोर ओसरतो आणि माती वाहून जाणे थांबते. १९५३ साली हॉलंडमध्ये १८३६ माणसे बुडाली, तेव्हा अनेक ठिकाणी पाणी बांधावरून पलीकडे पडले आणि बांधाची आतली, गावाकडची बाजू धुपून गेली. अशा वेळी बोट घालायला भोकच नसते.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. मूळ गोष्टीत त्या मुलाच्या वडिलांचा व्यवसाय सांगितला आहे: पाण्याची दारे वेळेवर उघडणे आणि मिटणे. गोष्ट पुढे सांगणाऱ्यांनी मुलगा ठेवला आणि वडील गाळले. वास्तविक बांधाआडची जमीन टिकते ती या दारांमुळे. नुसता बांध घातला तर पावसाचे पाणी आत अडकून शेताचे तळे होईल.

हे नीट पाहायचे तर हॉलंडपेक्षा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा फंडीचा उपसागर अधिक उपयोगी आहे. जगातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी येथे होते. काही ठिकाणी दोन्हींतले अंतर १६ मीटरपर्यंत जाते. या जलाशयाच्या नैसर्गिक आंदोलनाचा काळ सुमारे १३ तास आहे आणि भरतीचा १२ तास २५ मिनिटे. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का मिळावा तसे हे घडते. १६३० च्या दशकापासून येथे आलेल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांनी, म्हणजे अकेडियन लोकांनी, खाजणे बांधून शेते केली. बांधाच्या पोटात ते लाकडी नाली बसवत आणि तिच्या आत बिजागरीची झडप. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर पडे. भरती आली की समुद्रच झडप लोटून बंद करी. या रचनेला ते ‘अब्वातो’ म्हणत. पुढे दोन-तीन वर्षांच्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघे आणि जमीन पिकू लागे.

१७५५ साली इंग्रजांनी या लोकांना हाकलून दिले. १७५९ च्या वादळाने बांध फुटले. त्यानंतर जमिनीवर वसवलेल्या नव्या शेतकऱ्यांना बांधांची माहिती नव्हती. तेव्हा ज्यांच्या जमिनी काढून घेतल्या होत्या त्याच अकेडियन कैद्यांना दुरुस्तीसाठी आणावे लागले. जमीन जप्त करता आली. ती राखण्याचे ज्ञान जप्त करता आले नाही.

तिसरी उणीव जमिनीविषयीची. गोष्टीतली जमीन स्थिर आहे, फक्त समुद्र हलतो. प्रत्यक्षात खाजण ही गाळाने वाढणारी जमीन असते. प्रत्येक मोठी भरती थोडा गाळ ठेवून जाते आणि समुद्र हळूहळू वर आला तर खाजणही त्याच्याबरोबर वर येऊ शकते. बांध घातला की आतल्या जमिनीचा हा खुराक तुटतो. ती सुकते, दबते, खाली बसते. बाहेरचे खाजण मात्र वाढत राहते. म्हणून जुन्या बांधाच्या आतली शेते बाहेरच्या खाजणापेक्षा सखल झालेली आढळतात. फंडीच्या परिसरात यात आणखी भर आहे. हिमयुगात बर्फाच्या भाराने भूकवचाचा मधला भाग दबला होता आणि कडेचा भाग वर उचलला गेला होता. तो कडेचा भाग अजून खाली बसतो आहे. हॅलिफॅक्स बंदरातील शतकभराच्या नोंदींत समुद्र दर वर्षी सुमारे ३ मिलिमीटर चढताना दिसतो, तो समुद्राच्या वाढीमुळे आणि जमिनीच्या खचण्यामुळेही.

नोव्हा स्कोशिया प्रांतात असे २४१ किलोमीटर बांध असून त्यांच्यामागे १७,४०० हेक्टर जमीन आहे. ऑक्टोबर १८६९ मध्ये चंद्र पृथ्वीजवळ असतानाचे उधाण आणि चक्रीवादळ एकत्र आले व समुद्र बांधांवरून आत शिरला. असा योग वाढलेल्या समुद्रपातळीवर पुन्हा आला तर? या प्रांताला न्यू ब्रन्सविकशी जोडणाऱ्या शिग्नेक्टो संयोगभूमीवरून महामार्ग आणि रेल्वे जातात. तिच्या रक्षणासाठी २०२२ साली अहवाल आला. त्यात तीन पर्याय होते: आहेत ते बांध उंच करणे, नवे बांध घालणे, किंवा बांध उंच करून काही ठिकाणी पोलादी भिंत घालणे. २०२३ पर्यंत खर्चाचा अंदाज ६५ कोटी डॉलरवर गेला होता. रेल्वे हलवता येत नाही, तेव्हा तेथे बांध हवाच. परंतु तिन्ही पर्याय भिंतीचेच आहेत, आणि प्रत्येक शेतामागे एवढा खर्च कोणी करणार नाही.

याच भागात ओलाक येथे २०१० साली दुसरा मार्ग अजमावला गेला. मागे नवा बांध घालून समुद्रालगतचा जुना बांध मुद्दाम फोडण्यात आला. मधल्या पट्ट्यात गाळ भराभर साचला, पुढे खाजणी गवत उगवले, आणि आज त्या गवतावर लाटांचा जोर मोडतो. ही माघार फुकटची नव्हे. कोणाचे तरी शेत त्यात जाते. कोणाचे जावे आणि त्याला काय मिळावे, हा प्रश्न अभियांत्रिकीने सुटणारा नाही.

आपल्याकडेही हीच रचना आहे. गोव्यात तिला खाजन म्हणतात आणि दाराला मानस; रायगडात खारबंदिस्ती आणि उघाडी. मात्र येथे भरती-ओहोटीतले अंतर लहान आहे आणि त्यामुळे प्रश्नाचे रूप बदलते. वरच्या वर्गांना हे गणित देता येईल. सरासरी समुद्रपातळी शून्य धरा. भरती अधिक १ मीटर, ओहोटी उणे १ मीटर. शेतातल्या पाण्याची पातळी उणे अर्धा मीटर. समुद्र त्याहून खाली असेल तेवढाच वेळ उघाडी वाहील. ज्या-वक्र काढला तर हा वेळ दर भरतीचक्रात सुमारे ४ तास ८ मिनिटे येतो. आता समुद्र ३० सेंटिमीटर चढवा. वेळ उरतो सुमारे अडीच तास. हेच गणित १२ मीटर अंतराच्या भरतीसाठी केले तर वेळ फक्त बारा मिनिटांनी घटतो. म्हणजे फंडीत मुख्य धोका बांधावरून पाणी येण्याचा, तर आपल्याकडे त्याच्या जोडीला पाऊस आत तुंबण्याचाही. बांध कितीही उंच केला तरी गेलेला दीड तास परत मिळत नाही. त्यासाठी जादा उघाड्या हव्यात, आतले ओढे व तळी मोकळी हवीत, आणि भरती-पावसाचा मेळ सांभाळणारा माणूस हवा.

हा माणूसच हरवत चालला आहे. गोव्यात ही जबाबदारी गावकरीची होती. पुढे ती संस्था दुबळी झाली. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो आणि मासळीच्या लोभाने दार भरतीला उघडे ठेवले की खारे पाणी शेतात येते. कॅनडात १९४८ साली बांधांच्या पुनर्बांधणीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबई प्रांताचा खारजमीन कायदाही झाला. सरकारने खर्च उचलला हे आवश्यकच होते. पण सरकार बांध बांधू शकते. रोज दोनदा ओहोटीला दाराशी उभे राहणे दूरच्या कचेरीला जमत नाही.

म्हणून ती गोष्ट वर्गातून काढून टाकावी असे नाही. सांगून झाल्यावर एक प्रश्न जोडावा: त्या संध्याकाळी मुलाचे वडील काय करत होते? शाळा खाडीकाठी असेल तर विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी जवळच्या उघाडीवर न्यावे. पाणी कधी वाहू लागले, कधी थांबले, झडप नीट मिटली का, याची महिनाभर नोंद ठेवावी. पौर्णिमा-अमावास्येची उधाणे आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती यांतला फरक वहीत आपोआप दिसेल. अशी वही दरवर्षी भरत गेली, तर दार उघडे राहण्याचा वेळ कमी होतो आहे का, हे सांगायला गावाला बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.