फ्रेंच चित्रपटातील प्रणयदृश्ये : मीलन आणि अंतर

१

प्रणयाचे दृश्य हे चित्रपटकलेचे सर्वांत परिचित अंग होय, आणि कदाचित म्हणूनच त्याच्याविषयी सर्वांत कमी विचार झालेला आहे. फ्रेंच चित्रपटांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. फ्रेंच चित्रपट म्हटला की त्यातील प्रणय धीट, मोकळा आणि निःसंकोच असावयाचा, असा एक समज रूढ आहे. या चित्रपटांतील आवडते प्रसंग सांगू लागलेला रसिकही बहुधा एखादे आलिंगन, एखादे चुंबन किंवा एखादी अकल्पित पुनर्भेट यांचीच आठवण काढतो. परंतु ज्या दृश्यांनी काळाची कसोटी सोसली आहे ती जवळून पाहिली असता निराळाच प्रत्यय येतो. प्रेमिक एकत्र असतात तेव्हा त्यांच्यामधील अंतर या दृश्यांतून दिसते. ते दुरावलेले असतात तेव्हा त्यांचे सान्निध्य दिसते. या दृश्यांचे सामर्थ्य धीटपणात नाही; मीलन आणि विरह यांची एकाच चौकटीत गाठ घालण्यात आहे.

भरताने शृंगाराची संभोग आणि विप्रलंभ अशी दोन अधिष्ठाने सांगितली. पुढील अलंकारग्रंथांतून ही दोन शृंगाराचे दोन स्वतंत्र प्रकार असल्यासारखी मांडली जाऊ लागली. अभिनवगुप्ताने मात्र हे दोन भेद नसून एकाच रतीच्या दोन दशा आहेत, असे निक्षून सांगितले. मीलनात वियोगाची धास्ती असतेच आणि वियोगात मीलनाचे मनोराज्य चालूच असते. दोहोंतून अखंड वाहणारी जी रती तिचा आस्वाद म्हणजे शृंगार, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. फ्रेंच दिग्दर्शकांना हा विचार ठाऊक होता असे सुचवावयाचे नाही. मुद्दा इतकाच की, काव्याला या दोन दशा शब्दांच्या क्रमाने एकीमागून एक मांडाव्या लागतात. चित्रपटाला त्या एकाच क्षणी डोळ्यांपुढे ठेवता येतात. हे साधण्याची जी साधने चित्रपटापाशी आहेत, त्यांचा फ्रेंच चित्रपटात झालेला उपयोग पाहणे हेच त्यातील प्रणयदृश्यांचे खरे परीक्षण ठरेल.

२

झाँ व्हिगोचा 'लातालांत' (१९३४) हा या दृष्टीने पहिला महत्त्वाचा चित्रपट. कथानक म्हणावे तर अगदी साधे आहे. कालव्यांतून मालवाहू नाव चालविणारा झाँ खेड्यातील ज्युलिएतशी विवाह करतो. नावेवरच्या कोंदट संसाराला ती कंटाळते, पॅरिसच्या ओढीने एके दिवशी निघून जाते, आणि रागाच्या भरात तो नाव पुढे हाकून देतो. अखेरीस म्हातारा खलाशी ज्यूल तिला शोधून परत आणतो. वितरकांना हा साधेपणा रुचला नाही. त्यांनी चित्रपटाची काटछाट केली, त्यात एक लोकप्रिय गीत घुसडले आणि त्या गीताचेच नाव चित्रपटाला दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, व्हिगोचे निधन झाले.

चित्रपटाच्या आरंभी ज्युलिएत झाँला सांगते की, पाण्यात डोळे उघडले की आपल्या प्रिय व्यक्तीचा चेहरा दिसतो. तिने त्याला असेच आधी पाहिले होते. तो थट्टेने पाण्यात डोके बुडवितो आणि त्याला काहीच दिसत नाही. ती जवळ असताना जे दिसले नाही ते ती गेल्यावर दिसते. विरहाने भ्रमिष्टासारखा झालेला झाँ नदीत उडी घेतो, आणि त्या अंधुक पाण्यात वधूवेषातील ज्युलिएत हसत तरंगताना दिसू लागते. एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा चढविण्याची ही युक्ती त्या काळीही नवी नव्हती. परंतु येथे ती केवळ युक्ती राहत नाही, कारण तिच्यामागे आधीच्या थट्टेचा आधार आहे. झाँला जे दिसते ते स्वप्न नव्हे. पत्नीच्या श्रद्धेवर त्याचा बसलेला विश्वास आहे. प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या दृष्टीने पाहू लागणे, ही गोष्ट एकही वाक्य न उच्चारता येथे सिद्ध होते.

याहून धाडसी असे एक दृश्य याच चित्रपटात आहे. रात्रीची वेळ. झाँ नावेतील बिछान्यावर आणि ज्युलिएत दूर कुठल्या खोलीत तळमळत आहे. कॅमेरा आळीपाळीने एकाकडून दुसरीकडे जातो. दोघांच्याही अंगावर ठिपक्याठिपक्यांचा सारखाच छायाप्रकाश पडलेला आहे. या प्रकाशाला वास्तवात काही कारण देता येणार नाही. तो दोन खोल्यांचा नसून एकाच शय्येचा प्रकाश आहे. एकाच्या हालचालीला दुसरीची हालचाल उत्तर देते, आणि संकलनाच्या बळावर दोन एकाकी देह परस्परांना स्पर्श करू लागतात. संपूर्ण चित्रपटातील अत्युत्कट मीलन हेच, आणि ते ज्या क्षणी घडते त्या क्षणी नायक-नायिका एकमेकांपासून कोसभर दूर आहेत. विप्रलंभातील मनोराज्य म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

३

व्हिगोने वियोगात मीलन दाखविले. झाँ रन्वारने मीलनात वियोग दाखविला. 'पार्ती द कांपान्य', म्हणजे 'गावाकडची सहल', हा चित्रपट मोपासाँच्या १८८१ मधील कथेवर आधारलेला असून त्याचे चित्रीकरण १९३६ च्या उन्हाळ्यात झाले. पावसाने व्यत्यय आणल्यामुळे ते अपुरे राहिले, आणि सुमारे चाळीस मिनिटांची ही कृती प्रेक्षकांपुढे आली ती १९४६ साली. पॅरिसमधील एका दुकानदाराचे कुटुंब एका रविवारी नदीकाठी येते. त्याची मुलगी आँरिएत आणि आँरी नावाचा तरुण होडीतून एका बेटावर जातात. झाडीत पक्षी गात असतो. आँरी तिला जवळ ओढतो, ती त्याला दूर सारते, आणि मग प्रतिकार सोडून देते.

येथवर कोणताही दिग्दर्शक आला असता. रन्वारचे असामान्यत्व पुढल्या क्षणात आहे. तिचा चेहरा पडदाभर येतो, डोळ्यात अश्रू असतो, आणि तिची दृष्टी प्रियकराकडे नसून जवळजवळ प्रेक्षकाकडेच वळलेली असते. हा अश्रू सुखाचा की भयाचा, की जे गवसले ते याच क्षणी हरपत आहे या जाणिवेचा, याचा निर्णय दृश्य करीत नाही. तिच्या संमतीविषयी आजचा प्रेक्षक जो प्रश्न विचारील तो अस्थानी नाही. किंबहुना तो प्रश्न त्या नजरेतच आहे, आणि म्हणूनच हे दृश्य निव्वळ रम्य ठरत नाही. शेजारीच तिची आई व आँरीचा मित्र यांचा प्रणय रन्वारने प्रहसनाच्या थाटात चालविलेला आहे. तीच दुपार, तीच झाडी, तीच क्रिया. एकीकडे हसू आणि दुसरीकडे आसू. या विरोधामुळे आँरिएतचा अश्रू भावविवशतेत विरून जाण्यापासून वाचतो.

यानंतर माणसे पडद्यावरून नाहीशी होतात. वारा सुटतो, लव्हाळी वाकतात, ढग दाटतात, आणि पावसाच्या थेंबांनी नदीचा पृष्ठभाग फुलून येतो. कॅमेरा त्या पाण्यावरून वेगाने मागे मागे सरकत राहतो. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत पर्जन्य हा शृंगाराचा उद्दीपन विभाव. पण येथे तो काही उद्दीपित करीत नाही. तो दिवस संपवितो, आणि दिवसाबरोबर वर्षेही धुऊन नेतो. पाऊस ओसरतो तेव्हा काळ लोटलेला असतो, आँरिएतचा विवाह एका बावळट इसमाशी झालेला असतो, आणि त्याच जागी आँरीची पुन्हा गाठ पडल्यावर ती त्याला एवढेच सुचविते की त्या दिवसाची आठवण आपल्याला प्रत्येक रात्री येते. प्रणयाचा क्षण आणि त्याची आयुष्यभराची किंमत यांच्यामध्ये रन्वारने फक्त एक पाऊस ठेवला आहे.

४

मॅक्स ओफ्युल्सच्या 'मादाम द…' (१९५३) या चित्रपटात अंतराचे स्वरूप सामाजिक आहे. लुईझ ही एका सेनापतीची विलासी, काहीशी उथळ पत्नी. बॅरन दोनाती हा परदेशी मुत्सद्दी. दोघांना एकत्र येण्याची मुभा असलेले स्थळ एकच, ते म्हणजे नृत्याचा दिवाणखाना. त्यांचे प्रेम कसे वाढले हे ओफ्युल्स अनेक प्रसंगांतून सांगत नाही. एका नृत्याच्या पोटात तो अनेक रात्री सामावून टाकतो. एक प्रतिमा पुसट होत असतानाच तिच्यातून दुसरी उगवावी, या विलयनाच्या क्रियेने एक रात्र दुसरीत मिसळते. पोशाख बदलतात, दिवाणखाना बदलतो, पण गिरकी तुटत नाही. गेल्या भेटीला किती काळ लोटला याचा हिशेब दोघे करतात, आणि तो आठवड्यांवरून दिवसांवर व दिवसांवरून तासांवर येतो. मधूनमधून पतीच्या कुशलाची औपचारिक चौकशीही चालू असते. प्रेमाचा एकही शब्द उच्चारला जात नाही. चौकशीचा स्वर मात्र दर वेळी अधिकाधिक पोकळ होत जातो.

शेवटी दिवाणखान्यात दोघांखेरीज कोणी उरत नाही. वादक थकून निघून जातात, नोकर एकेक दिवा मालवीत येतो, आणि हार्पवर घातलेल्या काळ्या आच्छादनात चौकट बुडून जाते. येथे संभोगशृंगाराची सारी सामग्री उपस्थित आहे: संगीत, वस्त्रालंकार, स्पर्श, एकान्त. तथापि ज्या गतीने हे दोघे जवळ येत आहेत, त्याच गतीने त्यांचा काळही संपत आहे. नर्तकांबरोबर अखंड फिरणारा कॅमेरा प्रेक्षकाला सुख देतो आणि थांबणे अशक्य असल्याची हुरहूरही लावतो. ओफ्युल्सच्या शैलीला केवळ अलंकरण म्हणणाऱ्या टीकाकारांनी हे दृश्य पुन्हा पाहावे. येथे गती हा अलंकार नसून आशय आहे.

५

झाक दमीचा 'ले पाराप्लुई द शेर्बूर' (१९६४), म्हणजे 'शेर्बूरच्या छत्र्या', हा संपूर्णपणे गायिलेला चित्रपट. मिशेल लग्राँने त्यातील साधीसुधी व्यवहारी वाक्येही स्वरबद्ध केली आहेत. गॅरेजमध्ये काम करणारा गी आणि छत्र्यांच्या दुकानातील जेनेव्हिएव्ह यांची ताटातूट अल्जीरियातील युद्धामुळे होते. निरोपाच्या प्रसंगी गाडी सुटते, आणि फलाटावर उभी असलेली जेनेव्हिएव्ह लहान लहान होत जाते. हे दृश्य लोकप्रिय आहे आणि ते तसे असणे योग्यच आहे. परंतु त्याचा खरा अर्थ कळतो तो शेवटच्या दृश्यात.

१९६३ च्या नाताळची पूर्वसंध्या, बर्फ पडत आहे, आणि गीच्या पेट्रोल पंपावर एक मोटार येऊन थांबते. मोटारीत जेनेव्हिएव्ह आहे आणि तिच्याबरोबर त्या दोघांची मुलगी फ्राँस्वाझ. गीचाही विवाह झालेला असून त्याच्या मुलाचे नाव फ्राँस्वा आहे. पूर्वी दोघांनी मिळून योजिलेले नाव दोन निरनिराळ्या घरांत असे वाटले गेले आहे. ती विचारते, मुलीला भेटावयाचे आहे का? तो नकार देतो. ती निघून जाते. त्याची पत्नी व मुलगा परत येतात आणि तो बर्फात मुलाशी खेळू लागतो. या साऱ्या वेळी वाद्यवृंद फलाटावरील निरोपाचीच धून उंच स्वरात वाजवीत असतो. शब्द संपले आहेत. संगीताने मात्र काही विसरलेले नाही. गी सुखी नाही असेही दमी म्हणत नाही, आणि या दृश्याची व्यथा नेमकी यातच आहे. ज्याच्यावाचून जगणे अशक्य वाटत होते त्याच्यावाचून माणसे जगतात, आणि बरी जगतात. शोकान्तिकेपेक्षाही हे सत्य पचविणे कठीण आहे.

६

या विवेचनावरून वियोगान्त दृश्य तेवढे श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो चुकीचा ठरेल. 'लातालांत'चा शेवट मीलनातच होतो. अंतर केवळ कथानकात असून भागत नाही. ते दृश्याच्या रचनेत उतरावे लागते. क्लोद ललूशच्या 'अं ऑम ए युन फाम' (१९६६) या चित्रपटात दोव्हीलच्या समुद्रकिनाऱ्यावर नायक-नायिका धावत येऊन आलिंगन देतात. हे दृश्य नेत्रसुखद आहे, संगीतही मोहक आहे. पण त्यात जे आहे ते सारे पहिल्याच दर्शनात संपून जाते. त्याच चित्रपटात पुढे, दोघे शय्येवर असताना, नायिकेच्या मनात मृत पतीच्या आठवणी येऊ लागतात आणि संकलन त्या मधूनमधून पेरीत जाते. तिसरा माणूस खोलीत नसूनही दोघांच्या मध्ये येतो. एकाच दिग्दर्शकाच्या एकाच कृतीतील ही दोन दृश्ये शेजारी ठेवली म्हणजे रमणीय आणि रसवत् यांतील भेद स्पष्ट होतो.

ही परंपरा त्या पिढीबरोबर संपली नाही, हे सेलीन स्यामाच्या 'पोर्त्रे द ला जन फीय आं फ' (२०१९) या चित्रपटावरून दिसून येते. चित्रकर्ती मारियान आणि तिने जिचे व्यक्तिचित्र रंगविले ती एलॉईझ यांचे प्रेम अठराव्या शतकातील विवाहसंस्थेपुढे टिकू शकत नाही. बऱ्याच काळानंतर एका संगीतसभेत मारियानला एलॉईझ दूरवर बसलेली दिसते. एलॉईझ तिच्याकडे पाहत नाही. व्हिव्हाल्दीच्या 'ग्रीष्मा'तील जो भाग मारियानने पूर्वी तिला वाजवून दाखविला होता तोच सुरू होतो, आणि कॅमेरा न तुटता, संथपणे, एलॉईझच्या चेहऱ्याकडे सरकत जातो. तो चेहरा रडतो, श्वास घेतो, हसतो. येथे स्पर्श नाही, संवाद नाही, दृष्टादृष्टही नाही; तरी दोघींमध्ये काहीच उरलेले नाही असे म्हणण्याची छाती कोणा प्रेक्षकाला होणार नाही.

व्हिगोच्या ठिपक्यांच्या प्रकाशापासून या दीर्घ दृश्यापर्यंत साधने बदलली: प्रतिमांचे आरोपण, पाऊस, विलयन, धून, अखंड समीपदृश्य. त्यांमागील तत्त्व मात्र तेच राहिले. म्हणून फ्रेंच चित्रपटातील प्रणयाचा अभ्यास करणाऱ्याने कथासार आणि संवाद यांवर विसंबून चालणार नाही. प्रेमिक भेटले की दुरावले, एवढे कथानक सांगते. भेटीत किती दुरावा होता आणि दुराव्यात किती भेट होती, हे प्रकाश, गती आणि ध्वनी सांगतात. रसाची निष्पत्ती ज्या ठिकाणी होते, समीक्षेनेही तेथेच लक्ष दिले पाहिजे.