पूर्वप्रत्ययाविना पुनःप्रत्यय : ट्रिप-हॉप संगीताविषयी

मराठी साहित्यविचारात ‘पुनःप्रत्यय’ ही संज्ञा आता इतकी रुळलेली आहे की तिच्यातील गृहीतकाकडे सहसा लक्ष जात नाही. पुनःप्रत्यय यावयाचा तर आधी केव्हातरी प्रत्यय आलेला असला पाहिजे, हे ते गृहीतक होय. इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरात १९९० च्या सुमारास जे संगीत आकाराला आले आणि ज्याला पुढे ‘ट्रिप-हॉप’ असे नाव पडले, त्याच्या श्रोत्यांचा अनुभव या गृहीतकाला छेद देतो. हे संगीत प्रथमच ऐकणाऱ्यालाही ते पूर्वी कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते. आणि ज्यांच्या मनात ते एकदा शिरले त्यांच्या मनातून ते तीस वर्षांनीही गेलेले नाही, याचे कारण बहुधा या चमत्कारिक ओळखीतच शोधावे लागेल.

नावाचा निकाल आधी लावलेला बरा. ‘मिक्समॅग’ या इंग्लंडमधील मासिकात १९९४ साली हा शब्द छापून आला तो डीजे शॅडो या कॅलिफोर्नियातील कलावंताच्या ‘इन/फ्लक्स’ (१९९३) या रचनेसंदर्भात; ब्रिस्टलला तो मागाहून चिकटला, आणि तेथील कलावंतांनी तो कधीही मनापासून स्वीकारला नाही. ‘हिप-हॉप’ हा जोडशब्द आपल्या ‘ठीकठाक’, ‘चूपचाप’ यांच्या जातीचा आहे : व्यंजने कायम राहतात, स्वर तेवढा पालटतो. ‘ट्रिप-हॉप’मध्ये पहिल्या पदाचे आद्य व्यंजन गेले आणि त्याबरोबर शब्दाचा तोलही गेला; उरला तो ‘ट्रिप’ या पदातील नशेचा आणि भ्रमंतीचा सूचितार्थ. पत्रकाराला श्रोत्याची गुंगी दिसली, गुंगीचे कारण दिसले नाही. नावे पुष्कळदा अशीच पडतात.

या संगीताची घटकद्रव्ये सांगणे अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबे ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत स्थिरावली होती. त्यांच्याबरोबर जमैकाची ‘साउंड सिस्टिम’ची, म्हणजे प्रचंड ध्वनिवर्धक रचून तबकड्या वाजविण्याची प्रथा आली. १९८० नंतरच्या दशकात ‘द वाइल्ड बंच’ या मंडळींनी या प्रथेला अमेरिकन हिप-हॉपच्या तंत्राची जोड दिली. त्यांच्यातूनच १९८८ मध्ये ‘मॅसिव्ह अटॅक’ हा संच निघाला आणि १९९१ मध्ये त्यांची ‘ब्लू लाइन्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. रेगेचा खर्ज, हिप-हॉपचा आवर्तनी ताल, पण लय मात्र ठाय. नाचण्याच्या गर्दीतून उठून घरी परतल्यावर, एकट्याने ऐकावे असे हे संगीत होते. उच्चाराच्या दृष्टीनेही येथे एक महत्त्वाचा पालट झालेला आढळतो. अमेरिकन हिप-हॉपमधील बोलणे हे जमावाला उद्देशून केलेले, आव्हानाचे बोलणे असे. रॉबर्ट डेल नाया आणि ट्रिकी यांनी ते स्वतःच्या ब्रिस्टली उच्चारांत, कानाशी कुजबुजावे तसे केले. कुजबूज ही ज्याची त्याला ऐकू जाते. श्रोता एकाएकी सभेतून उठून कुणाच्या तरी अगदी जवळ येऊन बसतो.

तथापि पुनःप्रत्ययाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो ‘पोर्टिशेड’ या संचाच्या ‘डमी’ (१९९४) या ध्वनिमुद्रिकेपाशी. ‘ब्लू लाइन्स’चे काम चालू असताना ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत पडेल ते काम करणारा जेफ बॅरो, गायिका बेथ गिबन्स आणि जॅझची तालीम असलेला गिटारवादक एड्रियन अटली हे तिघे यामागे होते. दुसऱ्याच्या जुन्या तबकडीतील तुकडा उचलून तो आपल्या रचनेत फिरता ठेवणे, याला ‘सॅम्पल’ म्हणतात. ते तंत्र त्यांनीही वापरले. ‘सावर टाइम्स’मध्ये, ‘मिशन : इम्पॉसिबल’ या दूरचित्रवाणी मालिकेशी निगडित असे लालो शिफ्रिन यांचे संगीत आहे. परंतु एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी स्वतःच नवे संगीत वाजविले, ते ध्वनिमुद्रित करून त्याच्या तबकड्या पाडून घेतल्या, त्या जमिनीवर टाकून तुडविल्या, आणि मग अशा झिजलेल्या तबकडीवरून आपलाच तुकडा ‘जुना’ म्हणून उचलला. जिला खरखर ठाऊकच नाही अशा कॉम्पॅक्ट डिस्कवरून ही खरखर १९९४ साली घरोघर ऐकली गेली.

ही लबाडी आहे काय? असा आक्षेप घेता येण्याजोगा आहे, आणि तो उडवून लावणे योग्य नव्हे. ज्या भूतकाळाची हुरहूर श्रोत्याला लागते तो भूतकाळ स्टुडिओत महिन्या-दोन महिन्यांपूर्वी तयार केलेला असेल, तर ती हुरहूर खरी कशी मानावी? येथे व्याकरणाचा दाखला उपयोगी पडतो. ‘तुम्ही पुढे व्हा, मी आलोच,’ असे म्हणणारा मनुष्य अजून घरातच असतो. रूप भूतकाळाचे, घटना पुढची. तरीही या वाक्याला कोणी असत्य म्हणत नाही, कारण काळाचे रूप हे घटनेच्या तारखेपेक्षा बोलणाऱ्याचा घटनेशी असलेला संबंध दाखवीत असते. ‘डमी’मधील खरखर हा असाच एक प्रत्यय आहे (या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे चालतील). तो लागला की गाण्यातील आशय घडून गेलेला, म्हणून न बदलता येणारा होतो. बेथ गिबन्स यांच्या आवाजातील शरणागती याच व्याकरणामुळे पटते. तोच आवाज स्वच्छ, कोऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला असता तर ती तक्रार वाटली असती.

या व्याकरणाचा श्रोत्यावर होणारा परिणाम किती दूरवर जातो, हे ‘ग्लोरी बॉक्स’ या गीतावरून दिसते. त्याचा आधार आहे आयझॅक हेज यांच्या १९७१ मधील ‘आइक्स रॅप २’ या रचनेतील एक तुकडा. ट्रिकी यांनी १९९५ मध्ये ‘हेल इज राउंड द कॉर्नर’साठी तोच तुकडा घेतला, एकाच मातीची दोन भांडी, पण आत निराळे पाणी. ज्याने ही गीते आधी ऐकली आणि मूळ रचना वर्षांनंतर, त्याच्या बाबतीत कालक्रमच उलटा होतो : हेज यांची रचना लागताच त्याला पोर्टिशेडची आठवण होते, आणि मूळच उसने भासू लागते. पूर्वीच्या कृती नंतरच्या कृतींनी बदलतात हे साहित्यसमीक्षेत पुष्कळदा मांडले गेले आहे. येथे ते कानाला ऐकू येते.

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यन्त अकारण व्याकूळ होतो आणि जन्मांतरीच्या स्नेहाची कल्पना करतो. हा प्रसंग येथे आठवणे स्वाभाविक आहे. पण साम्य अपुरे आहे. दुष्यन्ताची स्मृती शापाने झाकलेली आहे, ती आहेच. ट्रिप-हॉपच्या श्रोत्यापाशी झाकलेले असे काही नसते. मात्र या संगीताच्या निर्मात्यांबद्दल तसे म्हणवत नाही. ट्रिकी (एड्रियन थॉज) चार वर्षांचा असताना त्याच्या आईने आत्महत्या केली. १९९५ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे ‘मॅक्सिनक्वे’ हे नाव मॅक्सिन क्वे या तिच्याच नावावरून घेतलेले आहे. त्यातील बहुतेक गीते वयाची विशीही न गाठलेल्या मार्टिना टोप्ले-बर्ड हिने गायिली आहेत, आणि तिच्या स्वराच्या मागे, कधी अर्धा शब्द आधी, ट्रिकीची पुटपुट चालू असते. शब्द पुरुषाचे, तोंड स्त्रीचे. चार वर्षांच्या मुलाला आईचे जे आठवणार नाही ते येथे तिच्या नावाखाली बोलून घेतले आहे. ‘डमी’मधील भूतकाळ घडविलेला आहे, तसाच हाही, पण तो घडविण्यावाचून ट्रिकीला दुसरा मार्ग नव्हता. या प्रकारातील सर्वांत अस्वस्थ करणारी कृती म्हणून तिचाच निर्देश केला पाहिजे. सर्वांत सुंदर कोणती याविषयी मतभेद होऊ शकेल.

शहराचा भूतकाळही निर्वेध नव्हता. ब्रिस्टलचे वैभव गुलामांच्या व्यापारावर पोसलेले. तेथील मुख्य संगीतगृहाला एडवर्ड कोलस्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचे नाव होते, आणि त्या नावापायी मॅसिव्ह अटॅकने स्वतःच्याच शहरातील त्या सभागृहात गाणे नाकारले. कोलस्टनचा पुतळा जून २०२० मध्ये पाडला गेला, सभागृहाचे नावही त्याच वर्षी बदलले.

पुढील काळात या शैलीचे जे झाले ते फारसे आनंददायक नाही. १९९५ मध्ये ‘डमी’ला मर्क्युरी पारितोषिक मिळाले, अनुकरणे वाढली, आणि कुजबूज व खरखर ही उपाहारगृहांतील संभाषणाला तळ देणारी द्रव्ये बनली. मॅसिव्ह अटॅकचे ‘टिअरड्रॉप’ (१९९८) हे गीत पुष्कळांना २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेच्या शीर्षकसंगीतामुळेच ठाऊक आहे. आज तर तबकडीची खरखर संगणकात तयार मिळते, आणि अभ्यास करताना मंद लावून ठेवावयाच्या संगीतावर ती सर्रास भुरभुरली जाते. तिच्यामागे तुडविलेली तबकडी नाही. प्रत्यय उरला, धातू गेला.

हे पोर्टिशेडच्या ध्यानात आले असावे. अकरा वर्षांच्या खंडानंतर २००८ मध्ये त्यांची ‘थर्ड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा ज्या युक्त्यांमुळे त्यांची ओळख झाली होती त्या त्यांनी जवळजवळ सर्व टाकून दिल्या होत्या. तबकडी घासल्याचा आवाज नाही, ओळखीची ऊब नाही. ‘मशीन गन’ या रचनेत तर तालयंत्राचे कोरडे, कठोर आघात गिबन्स यांच्या आवाजाला जवळजवळ टेकूच देत नाहीत. ‘डमी’चे काही चाहते तेथून परतले. उरलेल्यांना तो आवाज पहिल्या दोन सुरांतच ओळखू आला, आणि या वेळी त्यांच्यापाशी खरोखरीच चौदा वर्षांची आठवण होती.