मुक्त आणि मोफत

मुक्तस्रोत कार्यप्रणालींविषयी सामान्य संगणक-वापरकर्त्यांत वाढत असलेली जाणीव बहुतांशी किंमतीपाशीच घुटमळते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प घोषित केला, त्यामागील प्रयोजन निराळे होते : प्रणालीची संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व इतरांस देण्याचा अधिकार. इंग्रजीत दोन्ही अर्थांना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने तेथे घोटाळा झाला. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे येण्याचे तेही एक कारण होय. मराठीला ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे भिन्न शब्द आयतेच लाभले आहेत. तरीही मराठी वापरकर्ता दुसऱ्यावरच संतुष्ट राहावा, हे नवलच !

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, तेव्हा जुने संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसविण्याचा विचार अनेकांच्या मनात आला. तो स्वागतार्हच, पण त्यात काटकसर अधिक, अधिकाराची ओळख थोडी. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. मात्र हाती असलेल्या फोनवरील प्रणाली बदलण्याची वाट पुष्कळ निर्मात्यांनी कुलूपबंद ठेवली आहे, आणि त्याबद्दल फोनधारकांची फारशी तक्रारही नाही.